एकच यंत्र, तीन चित्रे : घरगुती संगणकांच्या पडद्याचा इतिहास

१/ २३ एप्रिल १९८२ रोजी ब्रिटनमधील सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा घरगुती संगणक जाहीर केला. किंमत १२५ पौंड. अधिक स्मृतीचा नमुना १७५ पौंडांना. खोक्यात संगणक होता, वीजपुरवठ्याचा अडॅप्टर होता, कॅसेट रेकॉर्डरला आणि टीव्हीला जोडायच्या केबल होत्या. पडदा मात्र नव्हता. तो ग्राहकाने आपल्या दिवाणखान्यातून आणायचा होता. अँटेनाची वायर काढायची, तिच्या जागी संगणकाची केबल खोचायची आणि ३६ क्रमांकाच्या वाहिनीच्या आसपास चित्र सापडेपर्यंत बटण फिरवत राहायचे. (थ्रेड)

२/ आज त्या संगणकावरील खेळांची चित्रे कुठेही सहज पाहायला मिळतात. कापून काढल्यासारखे चौकोन, झगझगीत निळा, स्वच्छ पिवळा, कडेला कुठेही डाग नाही. १९८२ मध्ये स्पेक्ट्रम विकत घेतलेल्या एकाही मुलाने घरी हे चित्र पाहिले नव्हते. त्याच्या पडद्यावर अक्षरांच्या कडा रंगाळलेल्या असत, लाल आणि निळ्याच्या सीमेवर ठिपक्यांची रांग मुंगीसारखी सरकत असे. मग त्या यंत्राचे 'खरे' चित्र कोणते? प्रश्न तांत्रिक वाटतो. प्रत्यक्षात तो साधनचिकित्सेचा आहे.

३/ उत्तरासाठी आधी टीव्हीचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. अमेरिकेत १९५३ च्या अखेरीस रंगीत प्रक्षेपणाची एनटीएससी पद्धत मंजूर झाली तेव्हा एक अट होती: लोकांच्या घरातील कृष्णधवल संच निकामी होता कामा नयेत. म्हणून चित्राची उजळ-अंधार सांगणारी मूळ लहर तशीच ठेवली गेली आणि रंगाची माहिती एका वेगळ्या, अधिक वेगवान लहरीवर स्वार करून त्याच प्रवाहात मिसळली गेली. जर्मनीत टेलेफुंकेन कंपनीच्या वाल्टर ब्रुख यांनी १९६३ मध्ये मांडलेली 'पाल' पद्धतही याच तत्त्वावर उभी होती. फरक इतकाच, की तिच्यात रंगलहरीचा एक घटक एकाआड एक रेषेत उलटा केला जाई. त्यामुळे वाटेत उद्भवलेल्या रंगाच्या चुका एकमेकींना छेद देत.

४/ ही तडजोड अलौकिक होती, पण ती निसर्गदृश्ये, चेहरे, क्रिकेटचे मैदान यांसाठी. दोन प्रवाह एकदा एकत्र ओतले की ते पूर्णपणे वेगळे करता येत नाहीत. कॅमेऱ्यातून येणाऱ्या मऊ चित्रात ही सरमिसळ लपून जाते. संगणकाचे चित्र मऊ नसते. एका बिंदूवर पूर्ण पांढरे, पुढच्याच बिंदूवर पूर्ण काळे. असा बारीक तपशील टीव्हीला रंगाच्या लहरीसारखाच भासतो, आणि जिथे रंग नाही तिथे तो रंग दाखवतो.

५/ म्हणून त्या काळातील संगणकांच्या चित्राची प्रत ठरवताना विचारायचे असते ते एवढेच: यंत्राच्या पोटात तयार झालेले चित्र पडद्यापर्यंत पोहोचताना किती वेळा ओतले गेले?

सर्वांत स्वच्छ मार्ग आरजीबीचा. लाल, हिरवा, निळा यांच्या तीन स्वतंत्र तारा. कशातच काही मिसळलेले नाही. त्याखालोखाल उजळपणा आणि रंग यांच्या दोन वेगळ्या तारा. त्यानंतर 'कॉम्पोझिट', म्हणजे दोन्ही एकाच तारेत. आणि सर्वांत तळाशी आरएफ: आधीच मिसळलेला तो संकेत पुन्हा रेडिओलहरीवर चढवायचा आणि अँटेनाच्या भोकातून टीव्हीत सोडायचा. स्पेक्ट्रमच्या आत, उजव्या-डाव्या कोपऱ्यात कुठेतरी दिसणारी ती पत्र्याची चिमुकली डबी म्हणजे अक्षरशः एक पिटुकले प्रक्षेपण केंद्र होते. त्याचा प्रेक्षकवर्ग: एक टीव्ही.

६/ हे केंद्र शेजाऱ्यांच्या टीव्हीत लुडबुड करील ही भीती अमेरिकेच्या एफसीसी या दळणवळण नियामक संस्थेला होती, आणि तिच्या नियमांनी एका पिढीच्या संगणकांचे चित्र घडवले. १९७७ चा ॲपल टू आरएफ मॉड्युलेटरशिवाय विकला गेला. मॉड्युलेटर ग्राहकाने बाहेरच्या एका लहान कंपनीकडून वेगळा घ्यायचा, म्हणजे नियमभंगाचा प्रश्न ॲपलच्या दाराशी येत नसे. अटारीने १९७९ मध्ये ४०० आणि ८०० हे नमुने काढले तेव्हा लहरी बाहेर निसटू नयेत म्हणून आत ओतीव ॲल्युमिनियमचे जाड कवच घातले. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने तर १९७९ मध्ये आपला टीआय-९९/४ झेनिथच्या संचावर आधारित मॉनिटरसह विकायला काढला; जोडीची किंमत १,१५० डॉलर. पुढे १९८१ मध्ये ९९/४ए हा सुधारित नमुना मॉड्युलेटरसह ५२५ डॉलरला आला. स्वस्त झाला, खपला, आणि चित्राची प्रत एक पायरी खाली उतरली.

७/ ॲपल टूची कथा इथे थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण तिच्यात दोषालाच कामाला लावलेले दिसते. स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी संगणकाचे मूळ घड्याळ १४.३१८ मेगाहर्ट्झचे ठेवले. हा आकडा अमेरिकी टीव्हीच्या रंगलहरीच्या (३.५८ मेगाहर्ट्झ) बरोबर चौपट आहे. परिणाम असा, की सम स्तंभातील एकटा बिंदू टीव्हीला एका रंगाचा वाटे आणि विषम स्तंभातील दुसऱ्या रंगाचा. जांभळा आणि हिरवा असे हे रंग यंत्रात कुठेच नव्हते. ते टीव्हीच्या गैरसमजातून जन्माला येत. दोन बिंदू शेजारी आले की पांढरा. रंगनिर्मितीसाठी लागणारे डझनभर भाग वाचले.

८/ किंमत मोजावी लागली ती अक्षरांना. प्रत्येक अक्षर उभ्या रेघांचे बनलेले, आणि उभी रेघ म्हणजे टीव्हीच्या लेखी रंग. सुरुवातीच्या ॲपल टूवर मजकुराला हिरव्या-जांभळ्या झालरी लागत. लवकरच आलेल्या सुधारित बोर्डात मजकुराच्या वेळी रंगाचा संकेत बंद करणारी सोय घातली गेली. तरीही हिशेब आणि लेखन करणाऱ्यांनी हिरव्या प्रकाशाचे एकरंगी मॉनिटर घेतले. रंगीत संगणक एकरंगी पडद्यावर पाहणे हा त्यांच्या दृष्टीने दर्जाचा भाग होता!

९/ युरोपात ही युक्ती साफ फसली. पालमध्ये रंगलहर रेषेगणिक पालटते आणि तिचा वेगही वेगळा, ४.४३ मेगाहर्ट्झ. त्यामुळे युरोपसाठी काढलेला 'ॲपल टू युरोप्लस' स्वतंत्र रंगकार्ड घातल्याशिवाय कृष्णधवल चित्रच देई. कॅलिफोर्नियात ज्याला रंगांची जादू म्हणत, ती समुद्र ओलांडताच राखाडी पट्ट्यांत उतरली. यंत्राची क्षमता फक्त यंत्रात नसते. ते ज्या टीव्हीशी बोलते त्याच्या भाषेतही असते.

१०/ आता पुन्हा स्पेक्ट्रमकडे. त्याचे यंत्ररचनाकार रिचर्ड आल्टवासर यांच्यापुढे काटकसर हाच धर्म होता. २५६ बाय १९२ बिंदूंचे चित्र, आणि रंग मात्र आठ बाय आठ बिंदूंच्या चौकोनाला दोनच. या कंजुषीमुळे संपूर्ण पडदा ६,९१२ बाइटांत मावला. एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात पाऊल टाकताच नायकाचा रंग बदलतो हा स्पेक्ट्रमचा प्रसिद्ध दोष त्यातूनच आला. पण तो स्मृतीचा दोष होता. चित्र पोहोचवण्याचा दोष वेगळा, आणि दोहोंची गल्लत फार होते.

११/ फेरांटी कंपनीने बनवलेली यूएलए ही चिप उजळपणा आणि रंगाचे दोन घटक असे तीन संकेत बाहेर काढी. म्हणजे सुरुवात चांगली होती. मग एलएम१८८९ ही चिप त्यांतून रंगलहर तयार करी, सर्व मिसळले जाई आणि ॲस्टेकच्या त्या पत्र्याच्या डबीतून रेडिओलहरीवर चढे. मेख अशी, की बिंदू मोजणारे घड्याळ १४ मेगाहर्ट्झच्या स्फटिकावर चाले आणि रंगलहर ४.४३ च्या दुसऱ्या स्फटिकावर. दोन्ही घड्याळे एकमेकांना ओळखत नव्हती. त्यांच्यातील हा बेबनाव पडद्यावर रंगसीमेवरून सरकणाऱ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसे. सुरुवातीच्या बोर्डांवर तो कमी-जास्त करण्यासाठी लहान फिरते पुर्जे ठेवलेले होते. कारखान्यात ते कुणी किती फिरवले यावर त्या घरातील चित्राचे नशीब ठरे. एकाच नमुन्याचे दोन स्पेक्ट्रम शेजारी ठेवले तर चित्र सारखे येईलच असे नाही.

१२/ कमोडोर ६४ त्याच वर्षीचा, अमेरिकेत ५९५ डॉलरचा. त्याची व्हीआयसी-टू चिप अल शार्पंतिये यांच्या पथकाने मॉस टेक्नॉलॉजीत रचली. सोळा ठरावीक रंग. आणि उजळपणाची व रंगाची लहर चिपमधून दोन वेगळ्या पायांनी बाहेर. कमोडोरने हे वेगळेपण जपले. पहिल्या नमुन्यांच्या पाच पिनांच्या सॉकेटमध्ये रंगाची स्वतंत्र पिन नव्हती. नंतरच्या आठ पिनांच्या सॉकेटमध्ये ती आली. कमोडोरच्या १७०२ या मॉनिटरच्या पाठीमागे या दोन तारांसाठी दोन भोके होती. ज्याने टीव्हीवरून या मॉनिटरवर उडी घेतली त्याला वाटले असावे, की संगणकच बदलला.

१३/ हीच पद्धत १९८७ मध्ये जेव्हीसीच्या एस-व्हीएचएस व्हिडिओ रेकॉर्डरसोबत 'एस-व्हिडिओ' या नावाने जगभर पोहोचली. १७०२ मॉनिटर बनवणारी कंपनी जेव्हीसीच होती, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. अर्थात पहिलेपणाचा मान कमोडोरला देणे घाईचे ठरेल. अटारी ८०० च्या १९७९ मधील मॉनिटर सॉकेटवर दोन्ही लहरी वेगळ्या उपलब्ध होत्या. गंमत अशी, की त्याच कुटुंबातील पुढच्या ८००एक्सएल या यंत्रात सॉकेट तसेच राहिले, पण रंगाच्या पिनेला आतून तारच जोडली नव्हती. प्रगती नेहमी पुढेच जाते असे नाही.

१४/ कमोडोरच्या चित्रालाही कलंक होता. पडद्यावर मंद उभ्या पट्ट्या दिसत. आजचे संग्राहक त्यांना तुरुंगाचे गज म्हणतात. स्मृतीची पाळी बदलणाऱ्या संकेतांची कुजबुज चित्राच्या लहरीत झिरपे, त्याच्या या खुणा. सुटी तार कितीही चांगली लावली तरी त्या जात नाहीत, कारण त्या तारेत नाहीतच. त्या बोर्डाच्या आत घडतात.

१५/ एवढ्यावरून क्रमवारी लावायचा मोह होतो. त्याआधी एक छोटे गणित. टीव्हीला बारीक तपशील किती पेलतो हे त्याच्या 'रुंदी'वर अवलंबून असते. ब्रिटिश पाल प्रक्षेपणात उजळपणासाठी साधारण साडेपाच मेगाहर्ट्झ मिळत, आणि रंगीत संच ४.४३ च्या आसपासचा भाग गाळून टाकत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. एक काळा आणि एक पांढरा बिंदू मिळून एक लहर होते. स्पेक्ट्रम सेकंदाला ७० लाख बिंदू काढी, म्हणजे सर्वांत बारीक नक्षी साडेतीन मेगाहर्ट्झची. टीव्हीच्या कुंपणाच्या जेमतेम आत. पाल कमोडोर सुमारे ३.९ वर, म्हणजे कुंपणावरच.

१६/ आणि बीबीसी मायक्रो? डिसेंबर १९८१ मध्ये एकॉर्न कंपनीने आणलेल्या या संगणकाची सर्वांत सूक्ष्म अवस्था ६४० बाय २५६ बिंदूंची, एका ओळीत ८० अक्षरांची. सेकंदाला १ कोटी ६० लाख बिंदू, म्हणजे आठ मेगाहर्ट्झ. दिवाणखान्यातील टीव्हीला हे झेपणे शक्यच नव्हते. अक्षरे एकमेकांत विरघळत. हे एकॉर्नच्या अभियंत्यांना पक्के ठाऊक होते आणि म्हणून यंत्राच्या पाठीवर त्यांनी एक नव्हे, तीन सॉकेटे दिली: टीव्हीसाठी आरएफ, कॉम्पोझिट आणि सहा पिनांचे आरजीबी.

१७/ त्यातही कॉम्पोझिट मुळात कृष्णधवल ठेवलेले होते! रंग हवा असेल तर बोर्डावरील एक जोडणी बदलावी लागे. वरकरणी हा विचित्रपणा वाटतो, पण त्यामागे नेमका विचार होता. एकरंगी मॉनिटरला रंगलहर पाठवली तर तो तिला ठिपक्यांच्या जाळीसारखी दाखवतो. ती काढून टाकली की ८० अक्षरांची ओळ स्वच्छ वाचता येते. रंग हवा असेल त्याने आरजीबी वापरावे. ब्रिटनमधील शाळांत ब्रॅडफर्डच्या मायक्रोव्हायटेक कंपनीचे 'कब' मॉनिटर या सॉकेटला जोडलेले असत, आणि शाळेतील संगणकाचे चित्र घरच्यापेक्षा चांगले का दिसते याचे उत्तर त्या एका केबलमध्ये होते.

१८/ ज्यांच्याकडे टीव्हीच होता त्यांच्यासाठी बीबीसीची सातवी अवस्था होती. तिच्यात टेलिटेक्स्टची एसएए५०५० चिप ४० अक्षरांची ओळ काढी, अक्षरांच्या तिरप्या कडा गोलवी आणि संपूर्ण पडद्याला केवळ १ किलोबाइट स्मृती घेई. सूक्ष्म अवस्थेला तब्बल २० लागत. टेलिटेक्स्ट जन्मतःच टीव्हीसाठी घडलेले असल्याने आरएफवरही ते वाचनीय राहत असे. कमी बिंदूंचे चित्र अधिक चांगले दिसण्याचे हे उदाहरण 'रिझोल्यूशन' या एकाच आकड्यावरून निवाडा करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

१९/ ही दोन्ही ब्रिटिश यंत्रे भारतातही आली. १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या शालेय संगणक साक्षरता प्रकल्पासाठी केंद्र सरकारने बीबीसी मायक्रोची निवड केली. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्याने 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' बाजारात आणला. दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्येच, आशियाई खेळांच्या वर्षी, सुरू झालेले. कृष्णधवल संच अजून घराघरांत होते. कागदोपत्री रंगीत असलेले यंत्र राखाडी छटांत पाहणे ही तेव्हा सर्वसाधारण गोष्ट होती.

२०/ चित्राची प्रत केवळ अभियंत्यांच्या हातात नव्हती हे फ्रान्सइतके स्पष्ट कुठेच दिसत नाही. तिथली रंगपद्धत सेकाम, ना पाल ना एनटीएससी. बाहेरून आलेला संगणक फ्रेंच टीव्हीला जोडला की रंग गायब. पण १९८० च्या सुमारास तिथे नव्या टीव्ही संचांवर 'पेरिटेल' हे २१ पिनांचे सॉकेट सक्तीचे झाले. हेच पुढे युरोपभर 'स्कार्ट' म्हणून ओळखले गेले. त्यात आरजीबीच्या तारा होत्या. त्यामुळे थॉमसनच्या टीओ७ आणि एमओ५ या संगणकांनी सरळ आरजीबीचाच मार्ग धरला. लंडनमधील मूल सरकते ठिपके पाहत असताना पॅरिसमधील मुलाला साध्या घरगुती टीव्हीवर स्वच्छ कडा मिळत होत्या. फ्रेंच यंत्रे अधिक हुशार नव्हती. सॉकेट हुशार होते.

२१/ जपानमध्ये सक्ती सरकारची नव्हती, लिपीची होती. कांजी चिन्ह ओळखू येण्यासाठी साधारण १६ बाय १६ बिंदू लागतात. दोनशे रेषांच्या पडद्यावर अशा ओळी बाराच मावतात, आणि टीव्हीच्या धूसर चित्रात त्यांतील बारीक रेघा टिकत नाहीत. म्हणून एनईसीच्या पीसी-८८०१ सारख्या यंत्रांनी आरजीबी मॉनिटर गृहीत धरला, आणि १९८२ च्या पीसी-९८०१ ने ६४० बाय ४०० बिंदू गाठले. इंग्रजीला आठ बाय आठचा चौकोन पुरला म्हणून पश्चिमेला टीव्ही पुरला. शिरोरेखा, वेलांटी, रुकार आणि जोडाक्षरे असलेल्या देवनागरीलाही तो चौकोन पुरत नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू होऊन पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या जिस्ट तंत्रज्ञानाला पीसीमध्ये स्वतंत्र कार्ड बसवावे लागले ते उगाच नव्हे.

२२/ १९८४ मध्ये ॲमस्ट्रॅडने सीपीसी ४६४ काढला आणि मॉनिटर सोबतच दिला, हिरवा किंवा रंगीत. संगणकाला वीजही मॉनिटरमधूनच मिळे. तीन रंगांच्या प्रत्येकी तीन पातळ्या, म्हणून २७ छटा. आणि त्या थेट आरजीबीने पोहोचत. तांत्रिक चमत्कार काहीच नव्हता. घरातला टीव्ही कुणाचा, बातम्या पाहणाऱ्या वडिलांचा की खेळणाऱ्या मुलाचा, हा वाद मात्र मिटला.

२३/ १९८५ च्या अटारी एसटी आणि अमिगा या यंत्रांपासून आरजीबी सॉकेट यंत्रावर कायमचे आले. अमिगाजवळ तर ४,०९६ रंगांचे भांडार होते. इथून पुढे तुलनेतील रस ओसरतो. सर्वच चित्रे बऱ्यापैकी स्वच्छ.

२४/ तर मग निकाल सोपा: आरजीबी श्रेष्ठ, आरएफ कनिष्ठ. आज जुनी यंत्रे दुरुस्त करणारे बहुतेकजण याच निकालावर काम करतात. स्पेक्ट्रमची पत्र्याची डबी उघडतात, आतल्या भागाची जोडणी तोडतात, कॉम्पोझिटची तार सरळ सॉकेटला लावतात. चित्र खरोखर सुधारते. परंतु इथेच एक अडचणीचा साक्षीदार उभा राहतो.

२५/ १९८१ च्या आयबीएम पीसीच्या सीजीए कार्डवर दोन मार्ग होते: डिजिटल आरजीबी आणि कॉम्पोझिट. आरजीबी मॉनिटरवर ६४० बाय २०० ची अवस्था पार्श्वभूमीसह दोनच रंग देई. तीच अवस्था कॉम्पोझिटने एनटीएससी टीव्हीला जोडली, की ॲपल टूच्या त्याच युक्तीने सुमारे सोळा रंग उमटत. खेळ बनवणाऱ्यांनी याचा जाणीवपूर्वक वापर केला. सिएराच्या 'किंग्ज क्वेस्ट'ला कॉम्पोझिट पडद्यासाठी वेगळी रंगयोजना होती. म्हणजे हलक्या प्रतीच्या तारेवर हिरवे कुरण आणि निळे तळे, आणि उत्तम प्रतीच्या तारेवर तेच बिंदू निव्वळ काळे-पांढरे पट्टे.

२६/ कमोडोरवरही तसेच. पाल संच लगतच्या दोन रेषांचा रंग एकमेकांत मिसळून सरासरी काढत. सारख्या उजळपणाचे दोन रंग एकाआड एक रेषेत दिले, की टीव्हीवर तिसराच रंग दिसे, जो चिपच्या सोळांत नव्हताच. युरोपीय चित्रकारांनी अशा रंगांवर चित्रे रचली. आजच्या पडद्यावर काटेकोर बिंदूंत ती उघडली की त्या रंगाच्या जागी रेघोट्या दिसतात. चित्रकाराने त्या रेघोट्या स्वतः काढल्या होत्या हे खरे. पण त्याने त्या पाहिल्या नव्हत्या.

२७/ रंग ठरवण्याचा अखेरचा अधिकार कधीकधी मॉनिटरकडेही असे. सीजीएच्या संकेतांच्या हिशेबाने सहावा रंग मळकट पिवळा येतो. आयबीएमच्या ५१५३ मॉनिटरमध्ये एक खास मंडल होते. ते नेमका हा संकेत ओळखून त्यातील हिरवा कमी करी आणि पडद्यावर तपकिरी दाखवी. त्या काळच्या खेळांतील झाडांची खोडे तपकिरी आहेत ती त्या मंडलामुळे. संगणकाच्या स्मृतीत तपकिरी शोधणाऱ्याला तो कधीच सापडणार नाही.

२८/ मोडी कागदपत्रांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना ही अडचण ओळखीची वाटेल. पेशवे दफ्तरातील पत्राचे बाळबोध लिप्यंतर वाचायला सोपे, स्वच्छ, निःसंदिग्ध. पण लेखणी न उचलता धावलेला हात, दाटीवाटीने कोपऱ्यात बसवलेली शेवटची ओळ, बदललेले वळण त्यात उरत नाही. लिप्यंतर खोटे नसते. ते मूळ पत्र नसते, एवढेच. काटेकोर चौकोनांचे आजचे स्क्रीनशॉट हे स्पेक्ट्रमचे बाळबोध लिप्यंतर आहे. यंत्राच्या स्मृतीत काय होते ते त्यातून कळते. घरात काय दिसले ते नव्हे.

२९/ आणि मूळ साधन झपाट्याने संपत आहे. संगणक टिकतो, चिपा, कळफलक, कॅसेट दुरुस्त होतात. काचेच्या नळीचे पडदे मात्र आता जवळपास कुणी बनवत नाही. ब्लेचली पार्कमधील नॅशनल म्युझियम ऑफ कम्प्युटिंग आणि केंब्रिजमधील सेंटर फॉर कम्प्युटिंग हिस्टरी या संग्रहालयांत जुनी यंत्रे त्या काळच्या पडद्यांसह चालती ठेवलेली पाहायला मिळतात. पण चालती ठेवणे म्हणजे झिजवणेही. पडद्याचे प्रकाशद्रव्य प्रत्येक तासागणिक थोडे मंदावते.

३०/ नवा पडदा लावला तर? १९८१ चा झेडएक्स८१ हे त्याचे बोलके उदाहरण. टीव्हीच्या प्रत्येक रेषेच्या आरंभी 'काळा म्हणजे किती काळा' हे सांगणारा एक क्षण असतो. झेडएक्स८१ च्या सुरुवातीच्या चिपमध्ये हा क्षणच वगळला गेला होता. त्या काळचे संच सहनशील. त्यांनी चित्र दाखवले. आजचे सपाट टीव्ही नियमाला काटेकोर. ते पांढऱ्यालाच काळ्याचे माप समजतात आणि चित्र अंधारते. संगणक बिघडलेला नाही. त्याच्या चुका पोटात घालणारा श्रोता राहिलेला नाही.

३१/ पत्र्याची डबी उघडावी की नाही, यावर संग्राहकांत एकमत नाही. उघडणाऱ्याला स्वच्छ चित्र मिळते आणि यंत्र वापरात राहते. न उघडणाऱ्याजवळ १९८२ चा पुरावा अबाधित राहतो, पण तो दाखवायला ३६ वी वाहिनी पकडणारा जुना संच लागतो. डबी तशीच ठेवून चित्र दुसऱ्या वाटेने बाहेर काढण्याचा, कधीही पूर्ववत करता येईल असा मार्ग काहीजण धरतात. इतिहासाच्या दृष्टीने तोच अधिक शहाणपणाचा.

३२/ एक तिसरे चित्रही आहे, आणि ते कुणीच जपत नाही. स्पेक्ट्रमच्या वरच्या कळांवर रंगांची नावे छापलेली असत. क्रमांक ० ते ७ असा त्यांचा क्रम: काळा, निळा, लाल, किरमिजी, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा. इंद्रधनुष्याचा हा क्रम नाही. हे रंग उजळपणाच्या चढत्या भांजणीने लावलेले आहेत. कृष्णधवल टीव्हीला जोडले, की तेच आठ रंग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकेक पायरी चढणाऱ्या राखाडी छटा होतात, एकही जागा न चुकता. ज्या घरात रंगीत संच नव्हता, त्या घरातील मुलासाठीही हा क्रम लागू पडत होता.

#मराठी #इतिहास #संगणकाचाइतिहास